भाजलेल्या जागी नवी त्वचा

चहा सांडून बोट भाजले तर फोड येतो आणि थोड्याच दिवसांत त्याखाली नवी, गुलाबी कातडी दिसू लागते. खोल भाजलेली मोठी जखम मात्र आपली आपण भरून येत नाही. असे का?

बाह्यत्वचेच्या तळच्या थरात आणि केसांच्या मुळांशी मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. त्यांच्या विभाजनातून त्वचेच्या पेशी तयार होतात, आणि मूलपेशींचा साठाही कायम राहतो. वरवर भाजले तर हा साठा वाचतो. खोल भाजले तर तोच जळतो. मग शल्यविशारद मांडीची पातळ त्वचा काढून जखमेवर लावतात. पण ज्याचे नव्वद टक्के अंग भाजले आहे, त्याला त्वचा आणायची कोठून?

१९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये अमेरिकेत जवळजवळ सर्वांग भाजलेल्या दोन लहान भावांवर, त्यांच्याच पेशींपासून वाढविलेली त्वचा लावण्यात आली. दोघेही वाचले.

आता वही घ्या. तुकडा ३ चौरस सेंटिमीटरचा. प्रौढ माणसाची त्वचा सुमारे १७,००० चौरस सेंटिमीटर. किती वेळा दुप्पट करावे लागेल? फक्त तेरा वेळा! प्रत्यक्षात मात्र तीन-चार आठवडे जातात. तेवढ्या काळात उघड्या जखमेत जंतू शिरतात, पाणी उडून जाते, आणि प्रत्येक ग्रॅम पाण्याबरोबर सुमारे ५८० कॅलरी उष्णताही जाते. म्हणून मरणोत्तर दान केलेली त्वचा तात्पुरती पांघरतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने अशी त्वचापेढी सुरू झाली.

वाढविलेली त्वचा नाजूक असते. तिच्यात घर्मग्रंथी नसतात. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे तुम्हांला सांगायला नको. संशोधन चालू आहे. तोवर 'स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, व्रण घालवा' अशा जाहिरातींवर विसंबू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे उपचार केवळ मंजूर चाचण्यांतच करता येतात.

भाजल्यानंतरही उष्णता काही वेळ आत झिरपत राहते. म्हणून जखमेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी धरावे, म्हणजे खालच्या मूलपेशी वाचण्याची शक्यता वाढते. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडू नका, ते पाणी स्वतःच पोळते! माठातले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा, आणि कोणाला तरी डॉक्टरकडे पिटाळा.