फवारणी पंपाचे जुने टू-स्ट्रोक इंजिन : दोष कसा शोधावा

कपाशीवर किडीचा उपद्रव वाढावा आणि नेमके त्याच दिवशी पाठीवरील पॉवर पंपाचे इंजिन सुरू होऊ नये, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना येतो. पावसाची उघडीप दोनच दिवसांची असते. पंप तालुक्याला नेऊन आणीपर्यंत ती निघून जाते. त्यातून पंप जुना विकत घेतलेला असला, तर त्याची पूर्वी कशी निगा राखली होती हे कळावयास मार्ग नसतो. अशा वेळी हाती पाना घेऊन दिसेल तो स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि नव्या दोषाची भर पडते.

या इंजिनात चार धक्क्यांच्या इंजिनाप्रमाणे झडपा उघडझाप करणारी यंत्रणा नसते. दट्ट्या वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. म्हणजेच वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच मिळते, आणि क्रँककेस हवाबंद नसेल तर इंजिनाचे काम बिघडते. जुन्या इंजिनाचे बहुतेक मोठे बिघाड या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

प्रथम पंपाच्या टाकीतील औषध काढून टाकी धुवावी. दोरी आठ-दहा वेळा ओढून प्लग काढावा. प्लग कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, गाळणी आणि कार्बोरेटरचे जेट या क्रमाने पाहावे. झाकणाचे छिद्र मातीने बुजल्यामुळे इंजिन दहा मिनिटे चालून बंद पडते, आणि दोष मात्र कार्बोरेटरला दिला जातो. प्लग ओला असल्यास तो पुसून, फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहावी. ही परीक्षा प्लगच्या छिद्रापासून दूर करावी. त्यातून पेट्रोलची वाफ निघत असते.

इंधन व ठिणगी ठीक असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर दाब तपासावा. प्लग बसवून दोरी सावकाश ओढली असता हाताला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. दोरी सहज येत असेल, तर सायलेन्सर सोडवून धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून दट्ट्याकडे विजेरीने पाहावे. जुना पंप घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. विकणारा त्याला नकार देत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे. दट्ट्या गुळगुळीत असल्यास चिंता नाही. त्यावर उभे ओरखडे असतील, तर इंजिन पूर्वी एकदा तरी तापून जाम झालेले आहे. त्याच छिद्रात साचलेली काजळी लाकडी पट्टीने काढावी. छिद्र निम्मे बुजले असता इंजिनाला जोर येत नाही.

इंजिन जाम कशाने होते? तेल कमी पडल्याने किंवा हवा जास्त गेल्याने. प्रत्येक लिटर पेट्रोलात १:२५ या प्रमाणासाठी ४० मिलिलिटर व १:५० साठी २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते. उत्पादकाने सांगितलेले प्रमाणच पाळावे व तेल मापानेच घ्यावे. टोपणाने अंदाजे ओतण्याची चाल महाग पडते. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते. त्यात पाणी शिरल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि इंजिन तेलाविना चालते. म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

हवेची गळती ओळखणे अधिक कठीण आहे. काम झाल्यावर काढलेला प्लग भुईमुगाच्या टरफलासारखा तपकिरी असावा. तो पांढुरका दिसला आणि थ्रॉटल सोडूनही इंजिन गरगरत राहिले, तर कोठून तरी जादा हवा शिरत आहे. इंजिन मंद चालवून कार्बोरेटर, सिलिंडर व क्रँककेस यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील किंवा पाणी आत ओढले जाऊन इंजिनाची चाल बदलेल तेथील गॅस्केट बदलावे. तेथे काही न आढळल्यास क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑईल सीले संशयास्पद होत. गळती तशीच ठेवून कार्बोरेटरच्या स्क्रूने पेट्रोल वाढविणे हे ताप असताना अंगावर घोंगडी घेण्यासारखे आहे.

सिलिंडर काढावा लागल्यास दट्ट्याच्या माथ्यावरील बाण पाहून ठेवावा; बहुधा तो सायलेन्सरच्या बाजूस असतो. दट्ट्याच्या खाचेत बारीक खिळी असते. कडीची दोन्ही टोके तिच्याशी जुळवूनच सिलिंडर बसवावा, नाहीतर टोक छिद्रात अडकून कडी तुटते. क्रोमचा मुलामा असलेला सिलिंडर बोअर करता येत नाही, हे मेकॅनिककडे जाण्यापूर्वी माहीत असावे. फ्लायव्हील हाताने वर-खाली हलत असेल, तर क्रँकचे बेअरिंग गेलेले आहे. असे इंजिन दुरुस्तीसाठी विकत घेण्यात फायदा नाही.

नवी कडी घातल्यावर पहिली एक टाकी थ्रॉटल अर्धाच ठेवून, मोकळ्या हवेत, नुसते पाणी फवारीत चालवावी आणि थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा आवळावेत.