तेव्हा का नाही बोललात?

शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत आली म्हणून जो कोणी तक्रार करतो, त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "मग तेव्हा का नाही बोललात?" शेजारी विचारतो, समजूत घालायला आलेले चार शहाणे विचारतात, समोरचा वकील विचारतो आणि शेवटी जरा सभ्य भाषेत न्यायालयही विचारतं. या प्रश्नाची किंमत मी भरपूर फी मोजून शिकलो आहे. ती हकीकत इथे सांगत नाही. सांगायला बसलं की राग वर येतो आणि मुद्दा बाजूला राहतो. शिवाय तशी एखादी हकीकत प्रत्येक आळीत आहेच. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन शेजाऱ्याच्या दांडगाईने जाते, त्याहून जास्त आपल्या भिडेने जाते. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगीच म्हटलेलं नाही.

बांधकाम कसं वर येतं ते बघा, म्हणजे बोलायची वेळ कुठे निसटते ते कळेल. सुरुवातीला जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ, दोन खुंट्या आणि एक ताणलेली सुतळी असते. या घटकेला हद्द चपलेने पुसता येते. मग खड्डे खोदले जातात. कॉलमखालचं फूटिंग भिंतीपेक्षा कितीतरी रुंद असतं. म्हणून भिंत बरोबर हद्दीवर दिसली, तरी फूटिंग मुद्दाम आतल्या बाजूला घेतलेलं नसेल तर त्याचा बराच भाग तुमच्या मातीखाली शिरलेला असतो. दोन दिवसांत माती लोटली की तो पुन्हा कोणाला दिसत नाही. नंतर जोतं, मग स्लॅब, स्लॅबला छज्जा आणि छज्ज्याला तुमच्या अंगणात तोंड केलेली पन्हळ. प्रत्येक टप्प्याला शेजाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं. खड्ड्यांच्या वेळी "अहो, अजून कुठे काय झालंय?" जोत्याच्या वेळी "मिस्त्री जरा चुकला, वर गेल्यावर आत घेतो." आणि स्लॅब पडल्यावर "आता काय घर पाडू का?" काल ज्याने घाई करू नका म्हणून सांगितलं, तोच आज उशीर केलात म्हणून तुम्हाला बोल लावतो. मधला दिवस, ज्या दिवशी बोलणं वेळेवर ठरलं असतं, त्याच्या कॅलेंडरमध्ये कधी नव्हताच. हे लक्षात येतं तो क्षण फार कडू असतो, कारण राग शेजाऱ्याचा येतो तेवढाच स्वतःचाही येतो.

कायदा या गप्प बसण्याकडे कसा बघतो? 1963 च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद 65 आहे. मालकीच्या जोरावर जागेचा ताबा परत मागायचा, तर समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून 12 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की ही मुदत उलटली की नुसता दावाच नव्हे, मालकीचा हक्कच संपतो. 2019 साली रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की अशा प्रतिकूल ताब्याच्या आधारे ताबेदार स्वतः वादी होऊन दावा लावू शकतो. यावर कोणी म्हणेल, प्रतिकूल ताबा सिद्ध करणं सोपं नाही. तो उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो, आणि सिद्ध करायचा भार ताबेदारावर असतो. हे अगदी खरं. पण पक्क्या भिंतीइतकं उघड आणि अखंड दुसरं काय असतं? आणि 12 वर्षं व्हायची वाटही बघावी लागत नाही. भिंत पूर्ण झाल्यावर बऱ्याच उशिराने तुम्ही गेलात, तर अतिक्रमण मान्य करूनही न्यायालय पाडण्याऐवजी भरपाईवर भागवू शकतं. म्हणजे तुमची जागा तुमच्या मर्जीविरुद्ध विकली गेली असं समजा.

गप्प बसण्यापेक्षाही धोक्याचं काही असेल, तर ते तोंडी "बांधा हो, आपलंच आहे." 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 वाचून माझी झोप उडाली होती. परवानगीने जागा वापरणाऱ्याने त्या परवानगीवर विसंबून, खर्च करून, कायमचं काम उभारलं असेल तर ती परवानगी काढून घेता येत नाही. उदारपणे दिलेला होकार असा दगडात चिणला जातो. याचा अर्थ शेजाऱ्याला कशालाच हो म्हणू नका असा नाही. परांची बांधायला, वाळू टाकायला जागा जरूर द्या. पण कागदावर द्या, आणि त्यात तारीख, मुदत, काम तात्पुरतं आहे आणि जागा तुमच्या मालकीची आहे, या गोष्टी दोघांच्या सहीने येऊ द्यात. असा कागद पुढे प्रतिकूल ताब्याचा दावाही कमकुवत करतो, कारण परवानगीने असलेला ताबा प्रतिकूल नसतो. सही मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते तिथेच कळतं.

आता नेहमीचा आक्षेप: दीड फुटासाठी कशाला वैर धरायचं? हा सल्ला देणाऱ्याचा दीड फूट कधीच गेलेला नसतो, हे जाता जाता. हिशेब करू. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट. एका बाजूने दीड फूट गेलं की साडेएकोणपन्नास चौरस फूट, म्हणजे गुंठ्यामागे साडेचार टक्के जागा गेली. कागदावर 1089 आणि जागेवर जेमतेम 1040. हा फरक विकायच्या वेळी गिऱ्हाईक काढतं, कर्जाच्या वेळी बँकेचा माणूस काढतो आणि बांधायच्या वेळी बाजूचं अंतर सोडताना तुमचा आर्किटेक्ट काढतो. शेतातला बांध कोरणारा माणूस दर नांगरटीला एकच तास आत येतो. एका तासाला कोणी भांडत नाही, यावरच त्याचं सगळं गणित असतं.

दुसरा आक्षेप सात-बारावाल्यांचा. उतारा माझ्या नावावर आहे, मला कसली भीती? सात-बारा क्षेत्र सांगतो, कब्जेदार सांगतो. रेघ कुठे आहे ते सांगत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ तर कर आकारणीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. गटाचा नकाशा पसरून त्यावर बोट ठेवणंही फसवं आहे: 1:5000 प्रमाणाच्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते, आणि आपण भांडतोय दीड फुटावर. म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करण्याला पर्याय नाही. खाजगी माणसाकडून मोजून घेतलंत तर ते शेजाऱ्याशी बोलायला उपयोगी पडेल. वादात वजन सरकारी मोजणीला. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या आहेत ना, हे आधी तपासा, नाहीतर त्याच एका कारणावरून शेजारी सगळी मोजणी नाकारेल. मोजणीच्या दिवशी घरातलं दुसरं कोणी न पाठवता स्वतः उभे राहा. लोखंडी सळ्या, चुना, सिमेंट जवळ असू द्यात, आणि खुणा दाखवल्या की तिथल्या तिथे पक्क्या करून फोटो काढा. लाकडी खुंट्या रात्रीत चालायला लागतात. मग मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे निमताना मोजणी मागता येते, हे तुमच्याइतकंच शेजाऱ्यालाही लागू आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका: मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा मिळवून देत नाही.

नगरपालिकेत किंवा महापालिकेत लोक चुकीचा अर्ज करतात आणि मग व्यवस्थेला शिव्या घालतात. (मीही भरपूर घातल्या आहेत, त्यातल्या काही वाजवी होत्या.) "शेजाऱ्याने माझी जागा बळकावली" असं लिहिलंत की "बाब दिवाणी स्वरूपाची आहे" हे उत्तर आलंच. मालकी ठरवणं त्यांचं काम नाही. मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधकाम होतंय का, बाजूचं अंतर सोडलंय का, हे बघणं त्यांचं काम आहे. अनधिकृत बांधकामावर नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस निघू शकते. अर्जात तेवढंच लिहा, जागेचा वाद त्यात मिसळू नका आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

राहिली ती म्हण, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. दिवाणी दावे लांबतात, यावर वाद नाही. पण ही म्हण उशिरा जाण्याविरुद्ध आहे, लवकर जाण्याविरुद्ध नाही. खोदकाम चालू असताना मनाई हुकूम मागायला गेलेला माणूस जे आहे ते तसंच ठेवा म्हणतो. तीन वर्षांनी गेलेला माणूस उभी इमारत पाडा म्हणतो. यातलं न्यायाधीशाला काय सोपं जाईल? दाव्यात न्यायालय भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेऊ शकतं, तो अर्ज वकिलाला सुरुवातीलाच द्यायला सांगा. जबरदस्तीने ताबा गेला असेल तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम 6 खाली मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो, पण 6 महिन्यांच्या आत. आणि चिडून स्वतः पहार घेऊन भिंत पाडायला जाऊ नका. त्या दिवसापासून फिर्यादी तो आणि आरोपी तुम्ही.

संबंध बिघडतील, हे सगळे सांगतात. बिघडतात. पण फक्कीच्या रेघेवर झालेला वाद चार दिवसांत विझू शकतो, कारण रेघ सरकवायला शेजाऱ्याला काही खर्च नसतो. स्लॅबनंतरचा वाद मुलांच्या पिढीत जातो. बाजूच्या प्लॉटवर साफसफाई सुरू झालेली दिसत असेल, तर मोजणीचा अर्ज या आठवड्यात टाका. उभ्या पिकात आणि पावसात मोजणी अडते, आणि दिवाळीनंतर जो तो बांधायला काढतो, तेव्हा तारीख लवकर मिळत नाही.