एकोपा गटारीच्या तक्रारीपासून सुरू होतो

भिवंडीत मी शाळेत मास्तरकी केली आणि बरीच वर्षं मोहल्ला समितीत बसलो. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुसलमान दंगलींनी आमचं गाव देशभर बदनाम झालं. त्याच गावात डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये दंगल झाली नाही. शेजारच्या मुंबईत मात्र त्याच दोन महिन्यांतल्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, 900 माणसं गेली. या फरकाचं श्रेय लोक तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1984 नंतर, त्या दशकाच्या अखेरीस, उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना देतात, आणि ते योग्यच आहे. पण समितीत बसून मला जे उमगलं, ते कामाला येईल म्हणून लिहितो.

1. धंदा माणसं जोडतो, पण तेवढ्यावर भागत नाही.
आमचं गाव यंत्रमागाचं: सूत मारवाडी-गुजराती व्यापाऱ्याचं, माग मोमीन मालकाचे, मागावर उभा राहणारा आझमगढ-मऊकडचा अन्सारी नाहीतर तेलंगणातला पद्मशाली, आणि ज्या जमिनीवर कारखाना उभा ती बहुधा आगरी शेतकऱ्याची. एकाचं अडलं की सगळ्यांचा ताग्याचा हिशेब अडतो. म्हणून भाषणांत नेहमी ऐकायचो, 'पोट एक आहे, भांडतील कशाला?' पण 1970 मध्येही हेच माग होते आणि 1984 मध्येही. व्यापाऱ्याचा मुनीम आणि कारखान्याचा मेहता एकमेकांचा भाव पैशापर्यंत ओळखत, पण एकमेकांच्या घरचं कुणालाच ठाऊक नसे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकतसारख्या शहरांच्या जोड्या तपासल्या आणि 2002 साली आपला निष्कर्ष पुस्तकात मांडला: खेड्यात रोजची ओळखपाळख पुरते. शहरात मात्र दोन्ही समाजांची माणसं एकत्र बसतील अशा संघटना लागतात. आमचा अनुभव याहून वेगळा नाही.

2. बैठक भरवायची ती काही घडलेलं नसताना.
पूर्वी शांतता समिती असायची. मिरवणूक जवळ आली किंवा दगड पडला की बोलावणं यायचं. प्रतिष्ठित मंडळी यायची, आवाहनावर सह्या व्हायच्या, चहा व्हायचा, मंडळी पांगायची. तणाव वाढल्यावर अनोळखी माणसावर विश्वास कोण ठेवणार? मोहल्ला समितीची बैठक काहीही झालेलं नसताना व्हायची. सुरुवातीला लोक विचारायचे, 'मास्तर, आज काय झालं?' मी म्हणायचो, 'काही झालं नाही, म्हणूनच बोलावलंय.'

3. विषय जितका लहान, तितकी बैठक मोठी.
'राष्ट्रीय एकात्मता' हा विषय ठेवला की सगळे मान डोलावतात आणि कुणी तोंड उघडत नाही. गटार, नळाचं पाणी, रात्रपाळीचा खटखटाट, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचा धूर, बोळात आडवी लावलेली हातगाडी, असं काही निघालं की प्रत्येकाला बोलायचं असतं. आमच्याकडे दोन गल्ल्यांमध्ये एक गटार तुंबायची. एका गल्लीत मुख्यतः हिंदू, दुसरीत मुसलमान. कचरा 'ते लोक' टाकतात यावर दोन्हीकडे एकमत! शेवटी समितीतल्या दोघांना एकच अर्ज देऊन नगरपालिकेत पाठवलं, एक या गल्लीतला, एक त्या गल्लीतला. या टेबलावरून त्या टेबलावर दोघांनी मिळून इतके हेलपाटे घातले, की परत आले ते एकमेकांची बाजू घेतच. गटार साफ व्हायला वेळ लागला. 'ते लोक' हा शब्द मात्र त्याआधीच मागे पडला.

4. वजनदार माणूस आणला की बाकीचे मुके होतात.
समितीत हिंदू-मुसलमान जवळपास सारखेच असत. त्यात डॉक्टर, शिक्षक, फेरीवाला, रिक्षावाला, मागवाला, असे साधे लोक होते. पुढारी आणि गुंडगिरी करणारे यांना जाणूनबुजून बाहेर ठेवलं होतं. पुढाऱ्याला बैठकीतून काहीतरी मिळवायचं असतं. फेरीवाल्याला उद्या गाडी लावायची असते. गल्लीत शांतता राहण्यात ज्याची रोजी अडकली आहे, तो तिची राखण जास्त इमानाने करतो.

5. मिरवणुकीचे प्रश्न भावनेचे नसतात, तपशिलाचे असतात.
1970 च्या दंगलीची ठिणगी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पडली. मादन आयोगाने चौकशी केली, तेव्हा मशिदीसमोरचा मार्ग, गुलाल आणि घोषणा यांवरून आधीच्या वर्षांपासून चालत आलेले वाद पुढे आले. म्हणजे भांडण कुठे होणार, हे गावाला आधीच माहीत होतं. आम्ही शिकलो ते इतकंच: बेंजो कुठे थांबवायचा, अजानच्या वेळी मिरवणूक कोणत्या नाक्यावर असेल, गुलाल कुठून कुठपर्यंत उधळायचा, हे आधी ठरवायचं आणि कुणी सांभाळायचं त्याचं नाव लिहून ठेवायचं. 'सर्वांनी सहकार्य करावं' या वाक्यात कुणाचंच नाव नसतं, म्हणून ते कुणीच पाळत नाही.

6. अफवा खोडायला जोडी लागते.
पाण्यात विष कालवलं, अमुक गल्लीत हत्यारं आली, तमुक पोराला मारलं. तणावाच्या रात्री या तीन बातम्या ठरलेल्या. हिंदूने 'खोटं आहे' म्हटलं तर मुसलमान वस्ती मानत नाही, आणि उलटंही तसंच. म्हणून दोन्ही समाजांतले दोघं मिळून जायचो. माझ्या जोडीला कांडीच्या कारखान्यातले एक चाचा असत. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, 'आपने खुद देखा?' उत्तर बहुतेकदा 'सुना है' असंच यायचं. मग जागेवर जाऊन पाहायचं आणि दोन्ही वस्त्यांत परत येऊन सांगायचं. आता अफवा मोबाइलवरून येते, त्यामुळे ती पोचायच्या आत निघणं जमत नाही. पण ज्या दोन माणसांचा शब्द दोन्हीकडे चालतो, ती आधीपासून तयार असतील तर आजही उपयोग होतो.

7. बायका आणि पोरं यांना वगळून एकोपा होत नाही.
नळावर आणि रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला गल्लीतली धुसफुस पोलिसांच्या आधी कळते. तिला समितीत जागा हवीच. मुलांचं तर आणखी कठीण. आमच्याकडे मराठी, उर्दू आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा वेगवेगळ्या आहेत. एका गावातली पोरं वर्गात कधी भेटतच नाहीत. 1994 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या मोहल्ला कमिटी चळवळीने पोलीस आणि वस्त्यांतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने भरवले, ते याच कारणाने. फक्त एक पथ्य पाळावं: एका वस्तीविरुद्ध दुसरी वस्ती असा सामना लावू नये, संघ मिसळून करावेत.

8. एकोप्याची डागडुजी चालू ठेवावी लागते.
जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच भिवंडीत हिंसाचार झाला आणि दोन पोलिसांचे जीव गेले. 1992 ला सावरलेलं गाव कायमचं सावरलं, असं धरून चालणं किती धोक्याचं असतं ते तेव्हा दिसलं. अधिकारी बदलतात, सभासद म्हातारे होतात, बैठका 'पुढच्या महिन्यात' म्हणत लांबतात. नवं रक्त आणि नेमाने बैठक, या दोन गोष्टी थांबल्या की समिती कागदावरच उरते.

आपल्या गावात, सोसायटीत, चाळीत सध्या सगळं शांत असेल, तर समिती काढायची हीच वेळ आहे. वेगळ्या जातीची, धर्माची, भाषेची चार माणसं बोलवा आणि पहिला विषय गटारीचाच ठेवा.