पिल्लांची रक्ती हगवण

परवा रात्री शेवटचा रोगी गेल्यावर एक बाई दवाखान्यात आल्या. हातात औषधाची रिकामी डबी. "डॉक्टरसाहेब, जुलाबाच्या गोळ्या द्या, रक्त पडतंय." कोणाला म्हणून विचारले तर म्हणाल्या, "पिल्लांना. बचत गटाचं कर्ज काढून शंभर आणली, महिनाभराची झाली. आज सकाळी नऊ मेली." डबीत तुसासकट विष्ठा आणली होती. तिच्यात ताजे रक्त होते.

मी माणसांचा डॉक्टर. तरीही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याला अशाच वेळी मी शहाणपणा शिकवला होता. रक्ताचे जुलाब म्हटले की आमच्या डोक्यात आधी अमीबा येतो. मी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून पाण्यात घालायला सांगितल्या. चाळीसपैकी सव्वीस पिल्ले दगावली. नंतर ओळखीच्या पशुवैद्यांनी एक मेलेले पिल्लू चिरून दाखवले. माणसाला अपेंडिक्स चिकटलेले आंधळे आतडे एकच असते, कोंबडीला अशी दोन असतात. ती दोन्ही रक्ताने फुगून काळपट लाल झाली होती. "हा कॉक्सिडिया. तुमच्या गोळीचा याच्यावर काही उपयोग नाही," असे ते म्हणाले. शेजारी मला काही बोलला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले.

कॉक्सिडिया म्हणजे आयमेरिया जातीचे एकपेशीय परजीवी. पिल्लू दाणा टिपताना विष्ठेतली त्याची सूक्ष्म अंडी गिळते. आतड्याच्या अस्तरात ती वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि आठवडाभरात विष्ठेतून लाखो नवी अंडी बाहेर येतात. बाहेर ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती पुन्हा रोग द्यायला तयार. म्हणून पावसाळ्यात, दाटीच्या खुराड्यात, तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत हा रोग आगीसारखा पसरतो.

ओळखायचा कसा? पिल्लू पंख पाडून, पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहते. दाणा सोडते. तुरा आणि पाय फिके पडतात. मग विष्ठेत रक्त येते. मात्र एक लक्षात ठेवा, निरोगी कोंबडीही अधूनमधून गडद तपकिरी, चिकट विष्ठा टाकते. ते रक्त नव्हे, घाबरू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पांढरी, खडूसारखी विष्ठा गुदद्वाराशी चिकटून पिल्ले मरू लागली तर तो साल्मोनेलाचा प्रकार असू शकतो, आणि तो अंड्यातूनच येतो. पांढरे पातळ जुलाब तीन ते सहा आठवड्यांत आले तर गुंबोरोचा संशय घ्यावा. हिरवट जुलाब, धाप आणि मान पिळवटणे म्हणजे मानमोडी. गुंबोरो आणि मानमोडी हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांना औषध नाही, लस वेळेवर टोचणे किंवा पाजणे हाच उपाय. म्हणून एक-दोन ताजी मेलेली पिल्ले पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत. चिरून पाहिले की निदान बहुधा तिथल्या तिथे होते.

रक्ती हगवणीवर अँप्रोलियम हे जुने, स्वस्त औषध आहे. ते दिसायला ब-१ जीवनसत्त्वासारखे असते. परजीवी फसून तेच घेतो आणि उपाशी मरतो. वीस टक्क्यांची पावडर लिटरभर पाण्यात साधारण सव्वा ग्रॅम, पाच दिवस, आणि पुढे आठवडाभर निम्मी, असे प्रमाण असते. तरी पाकिटावरचे आणि पशुवैद्यांनी सांगितलेलेच खरे. आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पिते, म्हणून औषध पाण्यातूनच द्यावे, सगळ्याच पिल्लांना द्यावे आणि त्या काळात दुसरे पाणी ठेवू नये. अशक्तपणा आला म्हणून याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक पाजणारे पुष्कळ भेटतात. त्याने औषधाचा गुण कमी होतो. टॉनिक नंतर द्या.

प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नयेत. हे मी डॉक्टर म्हणून विशेष आग्रहाने सांगतो. कॉक्सिडिया त्याने मरत नाही, आणि जंतू मात्र औषधाला सरावतात. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले आमचे शेवटच्या फळीचे औषध. ते कोंबड्यांना सर्रास दिले जात होते, म्हणून केंद्र सरकारला २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घालावी लागली.

औषधाइतकीच महत्त्वाची गादी. मूठभर तूस दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, मोकळा होऊन पडला तर ठीक. पाण्याच्या भांड्याखालचे ओले तूस रोज काढावे, वरचेवर खालीवर करावे. फिनेलवर विसंबू नका, ही अंडी त्याला दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता यांनी ती मरतात. मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावीत. एकाएकी ढीगभर पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो विसरून चालणार नाही.

त्या बाईंना मी गोळ्या दिल्या नाहीत, पशुवैद्यांकडे पाठवले. आणखी सहा पिल्ले गेली, मग मरतूक थांबली. पण चौथ्या दिवशी त्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. ताप आणि जुलाब. पोरगा दिवसभर पिल्लू सदऱ्यात घेऊन फिरायचा आणि त्याच हाताने पोळी खायचा. कोंबडीचा कॉक्सिडिया माणसाला होत नाही, पण साल्मोनेलासारखे जंतू निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही येतात. जलसंजीवनी आणि झिंकवर पोर सावरले. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा शौचात रक्त आले तर मात्र घरी थांबू नये. बाईंना एवढेच सांगितले की पिल्लांना हात लावल्यावर साबण, आणि त्यांची पाण्याची भांडी मोरीत न धुता परसात धुवायची.