ट्रेनरवर सायकलचं चाक आउट होतं का?

प्रश्न : पावसाळ्यात मी घरातच सायकल ट्रेनरला लावून चालवतो. रोलरखाली काळी भुकटी साठते, टायरही हाताला गरम लागतो. अशाने मागचं चाक आउट होईल का?

उत्तर : चाकाची काळजी करू नका, टायरची करा. चाक आउट होतं ते मुख्यतः खड्ड्यांच्या दणक्यांनी, आणि ते ट्रेनरवर नसतात. स्टँडने मागचा अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी पकडलेला असल्यामुळे तुमच्या वजनाचा बराच भार स्टँडच पेलतो. ब्रेक दाबायचे नसल्यामुळे रिमही घासली जात नाही.

टायरचे मात्र हाल होतात. सपाट रस्त्यावर तो थोडासा चपटा होतो. बारीक रोलर त्याच्यात खोल रुततो. प्रत्येक फेरीत रबर दबतं नि पुन्हा फुगतं, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. राहिलेल्या ऊर्जेची उष्णता होते. त्यात सायकल जागच्या जागी, म्हणजे टायर गार करायला वाराही नाही. तापलेलं रबर लवकर झिजतं, तेही फक्त मधल्या पट्ट्यात, कारण इथे वळणं नसतात. म्हणून ट्रेनरवरचा टायर मध्ये सपाट होतो.

भुकटी जास्त पडत असेल, तर टायर रोलरवर घसरत असणार. सायकल थांबलेली असताना रोलरचं फ्लायव्हील एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवून पाहा. टायर सहज सरकला तर रोलर टायरवर दाबणारा नॉब थोडा आवळा. फार आवळलात तर टायर आणखी तापेल. त्याआधी हवा पाहा, कारण ती कमी असेल तर नॉब कितीही आवळून उपयोग नाही.

ट्रेनरसाठी कडक रबराचे खास टायर मिळतात. ते कमी झिजतात, पण त्यांची रस्त्यावरची पकड कमी असते. ओल्या रस्त्यावर ते नेऊच नका. माझ्या मते तुमचा जुना, गुळगुळीत टायर इथे वापरणं सर्वांत शहाणपणाचं. माउंटन बाइकचे गुठळ्यांचे टायर नकोत, ते घरभर घरघरतात. मागचं चाक काढून सायकल थेट बसवायच्या ट्रेनरवर टायरचा प्रश्नच येत नाही.

खरी भीती घामाची आहे. त्यातल्या मिठाने हेडसेट आणि हँडलचे बोल्ट आतून गंजतात, आणि ते बरेच दिवस दिसतही नाही. हँडलवर टॉवेल टाका, समोर पंखा लावा आणि उतरल्यावर सायकल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा.