एमबीबीएस हुकलं, तरी श्वासनलिकांचा अभ्यास करता येतो

एमबीबीएसची जागा हुकली की बऱ्याच घरांत सुतक असल्यासारखी शांतता पसरते. अशा पालकांनी एका कामाची माहिती जरूर घ्यावी: सीटी स्कॅनवरून फुप्फुसांतल्या श्वासनलिकांची रचना अभ्यासणं.

मुख्य श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत नळ्यांना सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. एवाल्ड वायबेल या स्विस शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हा हिशेब मांडला. नेहमीच्या सीटीवर साधारण दोन मिलिमीटर व्यासापर्यंतच्याच नळ्या नीट मोजता येतात. पण दमा किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात नळीची भिंत किती जाड झाली, आतली पोकळी किती उरली, हे तेवढ्यावरूनही कळतं.

या मोजमापाची सुरुवात तंत्रज्ञापासून होते. ‘मोठा श्वास घ्या, रोखून धरा’ हे रुग्णाला उमगलं नाही आणि त्याने अर्धाच श्वास घेतला, तर नळ्या अरुंद दिसतात, पुढची आकडेमोड फसते. घाबरलेल्या आजीला तिच्या बोलीत धीर देणं हे इथे तांत्रिक कौशल्यच आहे, आणि ते गावाकडच्या मुलांना छान जमतं.

पुढे येतो इंजिनिअर. सीटीच्या मापात पाणी शून्य, तर हवा उणे १०००. सॉफ्टवेअर नळीतल्या हवेचा माग काढत जातं, पण भिंत पातळ झाली की ते नळी सोडून आजूबाजूच्या फुप्फुसात पसरतं. त्याला आवर घालायला गणित लागतं आणि शरीररचनाही. काहींची उजव्या वरच्या खंडाची नळी थेट मुख्य श्वासनलिकेतूनच निघते. हे ठाऊक नसेल तर बरोबर चित्रही चूक वाटेल.

तंत्रज्ञ व्हायचं तर इमेजिंगची बीएस्सी. गणित आवडत असेल तर बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बायोमेडिकलचं एमटेक. डॉक्टरांसाठी रेडिओलॉजीचं तीन वर्षांचं एमडी आहेच.

किरणोत्सर्गाची भीती रास्त आहे. मात्र स्कॅन चालू असताना तंत्रज्ञ सहसा शिशाच्या काचेपलीकडे असतो, छातीवरच्या बॅजमधून त्याचा डोस नियमित तपासला जातो.

मला जास्त काळजी वाटते ती कॉलेजच्या निवडीची. फी भरण्याआधी मान्यतेची कागदपत्रं मागा. मुलं आठवड्यातून किती तास खऱ्या सीटी यंत्रावर, खऱ्या रुग्णांसोबत काम करतात, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारा.