मेंदूतील गाठ : जमीन गहाण ठेवण्याआधी

प्रश्न : शिरूर तालुक्यातील, रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्या कामगाराच्या मेंदूत गाठ निघाली आहे. ऑपरेशनसाठी जमीन गहाण ठेवावी लागेल का? दौंडकडच्या शेतकरी कुटुंबावर हीच वेळ आली तर कोणते मार्ग आहेत?

उत्तर : मेंदूतील गाठीचा खर्च एकदाच होत नाही. आधी एमआरआय आणि ऑपरेशन, गाठ कर्करोगाची निघाल्यास रेडिओथेरपी व केमोथेरपी, आणि पुढे कित्येकदा फिटच्या गोळ्या व पुन्हा पुन्हा स्कॅन. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात रेडिओथेरपीचे साधारण ३० डोस असतात, आठवड्याला पाच याप्रमाणे सहा आठवडे. शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने रोज पुणे गाठायचे, सोबतच्या माणसाचा रोज बुडवायचा, हे कोणत्याच बिलात येत नाही आणि घर बहुधा इथेच खचते. म्हणून हातातली रोकड या दिवसांसाठी राखावी आणि ऑपरेशनचा भार योजनांवर टाकावा.

कामगाराची पगाराची पावती पहिल्यांदा पाहावी. तिच्यावर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेची ०.७५ टक्के कपात असेल तर कामगार कंत्राटी असला तरी विमाधारक आहे. ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू आहे. उपचारांखेरीज तिच्यात बुडालेल्या पगाराची सोय आहे, आणि नेमकी हीच बाब फार थोड्यांना ठाऊक असते. दीर्घ आजारांच्या यादीत कवटीच्या आत जागा व्यापणाऱ्या गाठीची वेगळी नोंद आहे, त्यामुळे गाठ कर्करोगाची नसली तरी दावा करता येतो. सलग दोन वर्षांची नोकरी आणि अंशदानाच्या दिवसांची अट पूर्ण होत असल्यास सरासरी वेतनाच्या ८० टक्के भत्ता कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

शेतकरी कुटुंबाचा मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. पांढऱ्या रेशन कार्डामुळे माघारी फिरण्याचे कारण उरलेले नाही. मात्र योजना कॅशलेस आहे. पैसे भरून बिल घेऊन नंतर गेल्यास परतफेड होत नाही, म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड व आधार दाखवून नोंद करावी. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही उपचार संपण्याआधीच करावा लागतो.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर आणखी एक हक्क आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. एमआरआयची तारीख मिळताच त्याचा अर्ज सेतू केंद्रात टाकावा.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या व मेणातला ब्लॉक रिपोर्टसोबत मागून घ्यावा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे ठरल्यास ते लागतात. गाठ कर्करोगाची असल्याचे ठरले की उपचारांसाठीच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला व एका सोबत्याला सवलत मिळते.

एवढ्यावरही कर्ज काढावेच लागले, तर ते बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराकडूनच घ्यावे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के. या दराने मागणाऱ्याला, किंवा गहाण म्हणून थेट खरेदीखत करून मागणाऱ्याला, सही देऊ नये. दिली गेली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात तक्रार करता येते.